जुन्या शहरांचे फोटो कसे वाचायचे?

आमच्या पत्र्याच्या पेटीत आजोबांचा एक फोटो आहे. वालचंदनगरला, कारखान्याच्या गेटसमोर सात जण उभे आहेत. आजोबा सोडले तर बाकी कुणाचं नाव आज घरात कुणालाच सांगता येत नाही. तो स्कॅन करायला बसलो आणि जुन्या फोटोंच्या नादाला लागलो.

वालचंदनगर वसलं १९३०च्या दशकात. त्यामुळे १९व्या शतकातलं शहर बघायचं तर मुंबईच गाठावी लागते. तिथे १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सुरुवातीचे सदस्य.

रस्ते रिकामे का दिसतात?

त्या काळी ओल्या कोलोडियनची काच वापरत. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी ही पद्धत १८५१ मध्ये प्रसिद्ध केली. काचेवर रसायन लावायचं आणि ते ओलं असतानाच फोटो काढून धुवायचा. म्हणजे अंधारा तंबू सोबतच हवा! एक्सपोजर बरेचदा काही सेकंदांचं. तेवढ्यात चालणारा माणूस पुसट व्हायचा, नाहीतर गायबच. म्हणून रस्ता रिकामा दिसला तरी तो रिकामा होता असं समजू नका. इमारत, उभी बैलगाडी, कापसाचे गठ्ठे मात्र स्पष्ट येतात.

झूम केल्यावर काय मिळतं?

काच मोठी असे आणि प्रिंट बहुधा तिच्याच आकाराची निघे. त्यामुळे तपशील भरपूर. दुकानाची पाटी, दिव्याचा खांब, ट्रामचे रूळ नीट बघा. यांवरून तारीखही बांधता येते. क्रॉफर्ड मार्केट (आताची महात्मा जोतिबा फुले मंडई) १८६९ मध्ये पूर्ण झालं. ते तयार दिसत असेल, तर फोटो त्याआधीचा नाही.

एक सावधगिरी

एआयने फोटो 'सुधारू' नका, निदान मूळ स्कॅनवर तरी नाही. पाटीवरचं पुसट अक्षर ते वाचत नाही, अंदाजाने नवीन बनवतं. पुरावा तिथेच बिघडतो.

प्रिंट ६०० डीपीआयला स्कॅन करा, टिफ फाइल जपून ठेवा, मागची बाजूही स्कॅन करा. आणि हो, घरातली म्हातारी माणसं आहेत तोवर नावं विचारून फाइलसोबत लिहून ठेवा. आमच्या फोटोतल्या सहा जणांसाठी मला उशीर झाला. तुम्ही करू नका.