लक्ष्मीबाईंचं मंगळसूत्र आणि आमच्या घरचा कप



दिवस मावळायच्या आत जेवायचं, हा आमच्या घरचा नेम. ताटं वाढली की मुलं णमोकार म्हणतात. मग प्रत्येकाने एकाचं नाव घ्यायचं, ज्याच्या कष्टामुळे आज ताटात अन्न आलं. पण महिन्याभरात त्याचंही पाठांतर झालं. धाकटी "शेतकरी" म्हणायची आणि अर्धी भाकरी ताटात टाकून उठायची.

एका संध्याकाळी मी त्यांना लक्ष्मीबाई पाटलांविषयी सांगितलं. त्यांचे पती कर्मवीर भाऊराव पाटील आपल्याच समाजातले. जन्म १८८७ चा, बाहुबलीच्या डोंगराजवळच्या कुंभोजमधला. १९१९ मध्ये त्यांनी कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं. तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, स्वतः राबायची, एका पंगतीला जेवायची. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्या वसतिगृहाला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं.

लक्ष्मीबाई सोवळं पाळणाऱ्या घरातल्या. तरी या सगळ्या मुलांच्या त्या आई झाल्या. वसतिगृह चालवायला पैसा नसे, तेव्हा एकेक दागिना गेला. शेवटी मुलांच्या जेवणासाठी त्यांनी गळ्यातलं मंगळसूत्रही दिलं. १९३० मध्ये त्या गेल्या.

मुलं गप्प बसली. मग थोरल्याने विचारलं, "आई, मग आपल्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा कप वेगळा का?"

मला उत्तर सुचेना. खिडकीतला तो कान तुटलेला कप मी लग्न होऊन आले तेव्हापासून तिथेच होता. मी कधी त्याला हात लावला नव्हता, कधी विचारलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मावशींना आमच्यातल्याच कपात चहा दिला. त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या, "ताई, माझा कप कुठं गेला?" त्या प्रश्नाने मला जास्त लाज वाटली. सासूबाई काही बोलल्या नाहीत. पण चार दिवसांनी त्यांनीच मावशींना आपल्या शेजारी बसवून पोहे दिले.

आता जेवताना धाकटी मावशींचं नाव घेते आणि आधी अर्धीच भाकरी मागते. कृतज्ञता मुलांना शिकवायला बसले होते. धडा मात्र आधी मलाच गिरवावा लागला.