जुने संगणक परस्परांना जोडणारा दुवा : सिरियल पोर्ट

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात आणि ऐंशीच्या दशकात घराघरांत व कचेऱ्यांत आलेल्या वैयक्तिक संगणकांना परस्परांची भाषा कळत नव्हती. ॲपलने लिहिलेली फ्लॉपी कमोडोरला वाचता येत नसे आणि कमोडोरची फ्लॉपी आयबीएमला. प्रत्येक कंपनीची चकती निराळी, तिच्यावर नोंद करण्याची पद्धत निराळी. या साऱ्या यंत्रांना समान असा दुवा एकच होता, तो म्हणजे सिरियल पोर्ट. जेथे तो मुळात नव्हता, तेथे तो बाहेरून बसविण्याची सोय असे.

हा विषय केवळ हौशी संग्राहकांपुरता मर्यादित नाही. एखाद्या संस्थेच्या सभासदांची यादी, ग्रंथालयाची सूची, छापून न झालेले हस्तलिखित असा मजकूर आजही जुन्या फ्लॉप्यांवर व हार्ड डिस्कवर पडून असू शकतो. चुंबकीय थर वर्षागणिक क्षीण होतो. ती चकती वाचू शकणारे यंत्र अनेकदा तेच एक, जुने असते. अशा यंत्राला सिरियल पोर्ट जोडून मजकूर नव्या संगणकावर उतरवून घेणे, हा सर्वांत कमी खर्चाचा आणि आजही खात्रीचा मार्ग आहे.

एकामागून एक बिट

सिरियल पोर्टमध्ये एका तारेवरून एका वेळी एकच बिट जातो. एका अक्षराचे आठ बिट, त्यांच्या आधी आरंभाचा एक आणि शेवटी समाप्तीचा एक, असे सामान्यतः दहा बिट ओळीने पाठविले जातात. हे काम करणाऱ्या चिपला यूएआर्ट म्हणतात. संगणकाकडून आलेला पूर्ण बाइट ती सुटा करून पाठविते आणि पलीकडून आलेले सुटे बिट पुन्हा जोडून बाइट तयार करते.

तारेवरील विजेचा दाब किती असावा, कोणती पिन कशासाठी वापरावी, हे आरएस-२३२ या प्रमाणकाने ठरविले. ते १९६० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाले आणि त्याची ‘सी’ ही प्रचलित आवृत्ती १९६९ मध्ये आली. त्यानुसार उणे ३ ते उणे १५ व्होल्ट म्हणजे ‘एक’ आणि अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट म्हणजे ‘शून्य’. संगणकाच्या आतील चिप मात्र शून्य आणि पाच व्होल्टवर चालतात. म्हणून यूएआर्ट आणि बाहेरची तार यांच्यामध्ये दाब बदलणारी चिप लागते. पूर्वी त्यासाठी १४८८ आणि १४८९ ही जोडी वापरीत. १४८८ ला अधिक व उणे असे दोन्ही पुरवठे द्यावे लागत. १९८७ च्या सुमारास आलेल्या मॅक्स-२३२ या चिपने केवळ पाच व्होल्टवर हे काम साधले. आज जुन्या यंत्रासाठी घरी पोर्ट बनविणारे बहुतेक जण हीच चिप वापरतात.

आयबीएम पीसी आणि त्याच्या धर्तीची यंत्रे

१९८१ च्या मूळ आयबीएम पीसीच्या मदरबोर्डवर सिरियल पोर्ट नव्हता. तो स्वतंत्र कार्डाच्या रूपाने स्लॉटमध्ये बसवावा लागे. त्या कार्डावर नॅशनल सेमिकंडक्टरची ८२५० ही चिप असे. पुढे सिरियल, प्रिंटर आणि घड्याळ एकत्र असलेली कार्डे बाजारात आली व ती अनेक पीसी-एक्सटी यंत्रांत आढळतात.

कार्ड बसविताना दोन गोष्टी जुळवाव्या लागतात : पत्ता आणि इंटरप्ट. पहिल्या पोर्टचा म्हणजे कॉम-१ चा पत्ता ३एफ८ व इंटरप्ट ४, तर कॉम-२ चा पत्ता २एफ८ व इंटरप्ट ३ असतो. कार्डावरील जम्पर त्यानुसार लावावेत. एकाच पत्त्याची दोन कार्डे बसविल्यास दोन्ही निकामी ठरतात. कॉम-३ हा कॉम-१ चा आणि कॉम-४ हा कॉम-२ चा इंटरप्ट वापरतो. त्यामुळे अशा यंत्रावर दोनहून अधिक पोर्ट एकाच वेळी चालविणे त्रासाचे होते.

८२५० चिपमध्ये आलेला एकच बाइट साठविण्याची जागा असते. प्रोसेसरने तो वेळेत उचलला नाही, तर पुढचा बाइट त्याच्यावर येऊन पडतो आणि अक्षर गळते. १६५५०ए या नंतरच्या चिपमध्ये सोळा बाइटांची रांग ठेवता येते. कार्डावरील चिप खोबणीत बसविलेली असेल, तर जुनी काढून ही नवी लावता येते; दोन्हींच्या पिना जुळतात.

एक सावधगिरी आवश्यक आहे. आयबीएम पीसीच्या मागे २५ पिनांचे दोन प्रकारचे पोर्ट दिसतात. बाहेर आलेल्या पिना असलेला तो सिरियल आणि छिद्रे असलेला तो प्रिंटरचा. केबल ओढूनताणून दुसऱ्यात बसविल्यास प्रिंटरचा पोर्ट जळण्याची भीती असते. १९८४ च्या आयबीएम एटीपासून ९ पिनांचा लहान सिरियल पोर्ट रूढ झाला.

ॲपल, कमोडोर, स्पेक्ट्रम आणि बीबीसी

१९७७ च्या ॲपल-२ मध्ये विस्तारासाठी आठ स्लॉट होते. त्यात बसणारे ‘सुपर सिरियल कार्ड’ आजही सर्वाधिक वापरले जाते. या कार्डावरील एका लहान ठोकळ्याची दिशा ‘मोडेम’कडून ‘टर्मिनल’कडे वळविली की आतील तारांची अदलाबदल होते; त्यासाठी निराळी केबल लागत नाही.

१९८२ च्या कमोडोर-६४ मध्ये यूएआर्ट नाही. तेथे प्रोसेसर स्वतःच वेळ मोजून एकेक बिट यूजर पोर्टवर पाठवितो. म्हणून वेग साधारण १२०० ते २४०० बिटांवरच थांबतो. या पोर्टवरील दाब पाच व्होल्टचा असल्याने आरएस-२३२ ची तार थेट जोडणे घातक ठरते. मध्ये मॅक्स-२३२ ची पट्टी हवीच.

सिंक्लेअर स्पेक्ट्रमला १९८३ मध्ये ‘इंटरफेस वन’ हे जोडयंत्र मिळाले. त्यात आरएस-२३२ पोर्ट होता, शिवाय ६४ स्पेक्ट्रम एका साखळीत गुंफण्याची वेगळी सोयही होती. भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने याच यंत्राची परवान्याखालील आवृत्ती विकली होती.

बीबीसी मायक्रो हा संगणक अनेक भारतीय शाळांनी पाहिला. १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ या शालेय संगणक-साक्षरता योजनेत तो वापरला गेला. त्याच्या मॉडेल बी वर आरएस-४२३ पोर्ट मुळातच असतो आणि तो आरएस-२३२ शी सहसा विनातक्रार जुळतो. मात्र त्याचा पाच पिनांचा गोल प्लग उलटाही बसतो. तेव्हा योग्य बाजू रंगाने खुणावून ठेवावी.

केबलची उलटापालट

आरएस-२३२ ची आखणी संगणक आणि मोडेम यांच्यासाठी झाली होती, दोन संगणकांसाठी नव्हे. दोन्ही टोकांना संगणक असले की दोघेही एकाच तारेवर बोलतात आणि एकाच तारेवर कान देतात. म्हणून पाठविण्याची तार पलीकडच्या ऐकण्याच्या पिनेला जोडावी लागते. अशा केबलला ‘नल मोडेम’ म्हणतात.

९ पिनांच्या पोर्टवर पिन २ ऐकण्याची, ३ पाठविण्याची आणि ५ सामायिक तार असते. तेव्हा २ व ३ यांची अदलाबदल करून ५ ला ५ जोडावी. २५ पिनांच्या पोर्टवर क्रम उलट आहे : २ पाठविण्याची, ३ ऐकण्याची आणि ७ सामायिक. म्हणूनच २५ पिनांचे टोक ९ पिनांच्या टोकाला जोडताना २ ला २ आणि ३ ला ३ जोडले, तरी अदलाबदल आपोआप होते. ‘थांब’ आणि ‘पाठव’ असे इशारे देणाऱ्या तारा ९ पिनांच्या पोर्टवर ७ व ८ असतात. त्याही उलटसुलट जोडल्या तर जलद वेगात मजकूर गळत नाही.

कोणती पिन पाठविण्याची आहे याविषयी शंका असल्यास मल्टिमीटर पुरेसा आहे. यंत्र चालू असून काहीही पाठवीत नसताना जी पिन सामायिक तारेच्या तुलनेत उणे दाब दाखवील, ती पाठविण्याची. पोर्ट चालतो की नाही हे पाहण्यासाठी त्याच पोर्टवरील २ आणि ३ या पिना तात्पुरत्या जोडाव्यात. टंकलेले अक्षर पडद्यावर परत आले, तर पोर्ट ठीक आहे.

वेगाचा हिशोब

दोन्ही यंत्रांवर वेग, बिटांची संख्या आणि पॅरिटी एकसारखी ठेवावी लागते. सेकंदाला ९६०० बिट, आठ बिट, पॅरिटी नाही आणि समाप्तीचा एक बिट, ही मांडणी सुरुवातीला उत्तम. या वेगात सेकंदाला ९६० बाइट जातात. म्हणजे ३६० किलोबाइटची एक पूर्ण फ्लॉपी सुमारे साडेसहा मिनिटांत उतरते. १२०० च्या वेगाने त्याच कामाला ५१ मिनिटे लागतात आणि १,१५,२०० या पीसीच्या कमाल वेगाने अर्ध्या मिनिटाहून किंचित अधिक. मात्र त्या वेगात दर ८७ मायक्रोसेकंदांना एक बाइट येऊन धडकतो. जुन्या ८०८८ प्रोसेसरला तो भार सहसा पेलत नाही.

मजकूर पाठविण्यासाठी ठरलेल्या पद्धती आहेत. १९७७ चा एक्समोडेम १२८ बाइटांचे गठ्ठे करून प्रत्येक गठ्ठ्याची बेरीज तपासतो. शेवटचा गठ्ठा अपुरा पडल्यास तो भरतीचे बाइट घालतो, त्यामुळे फाइलचा आकार किंचित वाढतो. १९८१ मध्ये कोलंबिया विद्यापीठात तयार झालेला कर्मिट संथ असला तरी शेकडो प्रकारच्या यंत्रांवर चालतो. एमएस-डॉस ६ मध्ये इंटरलिंक आणि इंटरसर्व्हर ही जोडी मिळाली. तिच्या साहाय्याने एका पीसीची डिस्क दुसऱ्यावर स्वतःचीच असल्याप्रमाणे दिसते. जुन्या यंत्राकडे चालू फ्लॉपी ड्राइव्ह नसला, तरी त्याच्या डॉसमधील मोड आणि सीटीटीवाय या आज्ञांच्या आधारे इंटरसर्व्हर आपली प्रत केबलवरूनच पलीकडे पाठवू शकतो.

मराठी मजकुराची खबरदारी

डॉसच्या काळात देवनागरी लेखनासाठी जिस्ट कार्ड वापरले जाई. या तंत्रज्ञानाची सुरुवात आयआयटी कानपूर येथे झाली आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने ते वाढविले. अशा यंत्रांवरील मजकूर इस्की या संकेतप्रणालीत असतो. तिचे भारतीय प्रमाणक १९९१ चे आहे. इस्कीमध्ये इंग्रजी अक्षरे पहिल्या १२८ क्रमांकांत आणि भारतीय लिप्यांची अक्षरे वरच्या १२८ क्रमांकांत असतात.

येथेच एक मोठी चूक घडू शकते. पोर्ट सात बिटांवर ठेवला, तर आठवा बिट गळून पडतो. इंग्रजी मजकुरास त्याने काहीच होत नाही, पण मराठी अक्षर वरच्या अर्ध्यातून खालच्या अर्ध्यात घसरते. १९९१ च्या इस्कीत ‘क’चा क्रमांक १७९ आहे, त्यातून १२८ वजा झाले की ५१ उरतात आणि ५१ म्हणजे इंग्रजी ३ हा आकडा. सगळा मजकूर आकडे आणि चिन्हे यांचा गोंधळ होऊन बसतो. मजकुरात खरे आकडे आणि इंग्रजी शब्द आधीपासूनच असतील, तर मूळचे कोणते आणि घसरलेले कोणते हे सांगता येत नाही. म्हणून आठ बिट ही मांडणी मराठीसाठी अनिवार्य समजावी.

मजकूर आल्यावर तो लगेच युनिकोडमध्ये बदलून मूळ फाइल पुसण्याची घाई करू नये. युनिकोडची देवनागरी इस्कीच्याच धर्तीवर रचलेली असल्याने रूपांतर सोपे असते. परंतु फॉन्टच्या आकृत्यांवर बेतलेल्या लेखनप्रणालींचे संकेत निराळे असतात आणि त्यांना वेगळे परिवर्तक लागतात. बाइट जसेच्या तसे जपलेले असले, तर चुकलेले रूपांतर पुन्हा करता येते.

जोडण्यापूर्वी

नव्या संगणकावर सिरियल पोर्ट नसतो. तेथे यूएसबी परिवर्तक वापरावा. तो घेताना आरएस-२३२ चा आहे याची खात्री करून घ्यावी. त्याच्यासारखेच दिसणारे ३.३ किंवा ५ व्होल्टचे परिवर्तक जुन्या यंत्राच्या १२ व्होल्टने जळतात. कार्ड आणि केबल यंत्र बंद असतानाच लावावी. दोन्ही यंत्रे एकाच पाटीवरच्या अर्थिंग असलेल्या सॉकेटवर चालवावीत, अन्यथा दोन जमिनींतील दाबाचा फरक सिरियल केबलमधूनच वाहतो. आरएस-२३२ साठी केबलची शिफारस केलेली लांबी ५० फूट, म्हणजे सुमारे १५ मीटर आहे.

कित्येक वर्षे बंद असलेले यंत्र प्रथमच सुरू करीत असल्यास त्याचा वीजपुरवठा आधी तपासावा. ते सुरू झाल्यावर सर्वांत महत्त्वाची फाइल सर्वांत आधी पाठवावी. तीच फाइल पुन्हा एकदा पाठवून दोन्ही प्रती ताडून पाहाव्यात आणि त्या तंतोतंत जुळल्या, तरच पुढच्या फाइलकडे वळावे. जुन्या चकतीवरून एखादी फाइल दुसऱ्यांदा वाचता येईलच, याची हमी नसते.