संपीडित हवेचे शुष्कीकरण
संपीडित हवेचे शुष्कीकरण म्हणजे कॉम्प्रेसरने दाबलेल्या हवेतील पाणी व बाष्प काढून टाकण्याची प्रक्रिया होय.

कारण

ठरावीक घनफळात किती बाष्प मावते, हे तापमानावर अवलंबून असते; दाब वाढवल्याने ते प्रमाण वाढत नाही. ३०° सेल्सियसला एका घनमीटरमध्ये सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावते. त्या तापमानाची, ८०% सापेक्ष आर्द्रता असलेली ८ घनमीटर हवा दाबून १ घनमीटर केल्यास तिच्यात सुमारे १९० ग्रॅम बाष्प एकवटते. दाबताना तापलेली ही हवा पुन्हा ३०° सेल्सियसपर्यंत निवाली, की त्यापैकी सुमारे १६० ग्रॅम बाष्पाचे पाणी होते. त्यामुळे कोकणासारख्या दमट प्रदेशात, विशेषतः पावसाळ्यात, टाकीत अधिक पाणी साचते.

परिणाम व उपाय

साचलेल्या पाण्याने पोलादी टाकी आतून गंजते. हा गंज बाहेरून दिसत नाही. पत्रा झिजल्यास टाकी दाबाने फुटू शकते. म्हणून घरगुती गॅरेजमध्येही प्रत्येक वापरानंतर टाकीच्या तळाचा व्हॉल्व्ह उघडून पाणी काढून टाकणे आवश्यक असते. हवेच्या नळीवरील फिल्टर केवळ थेंब अडवतो, बाष्प नाही. त्यामुळे तो कॉम्प्रेसरपासून दूर, हवा निवल्यानंतरच्या टप्प्यावर बसवतात. रंगफवारणीसाठी उरलेले बाष्प सिलिका जेलने शोषून घेतले जाते.