बेथेल : न लिहिलेले आत्मचरित्र

मराठवाड्यातील मिशनरीपर्वाचा इतिहास नारायण शेषाद्री यांच्यापासून सांगावा लागतो. १८४३ साली या ब्राह्मण तरुणाने मुंबईत स्कॉटिश मिशनऱ्यांकडून बाप्तिस्मा घेतला. त्याच वर्षी त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत याला न्यायालयाने वडिलांच्या स्वाधीन केले. प्रायश्चित्त देऊन त्याला जातीत परत घ्यावे की नाही, यावर मोठा वाद माजला. बाळशास्त्री जांभेकर त्याला परत घेण्याच्या बाजूने उभे राहिले.

पुढे नारायण शेषाद्री निजामाच्या राज्यात आले आणि सालारजंगांकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले. परभणीला हा टापू परका नव्हे. आज जालना जिल्ह्यात असलेला परतूर तालुका १९८१ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होता. बेथेलमध्ये आले ते मुख्यतः मांग व महार समाजांतील लोक.

येथे धर्मांतराच्या अनुभवाचे दोन प्रवाह दिसतात. उच्चवर्णीय ख्रिस्ती झाला की घर, जात आणि वारसा त्याच्या हातून सुटे. त्या ताटातुटीला मराठीत शब्द मिळाले. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ हा त्याचा श्रेष्ठ दाखला. मांगाजवळ मात्र गमावण्यासारखी प्रतिष्ठा गावाने ठेवलीच नव्हती. त्याच्या धर्मांतरावर ‘पोटासाठी बाटला’ एवढाच शेरा मारला गेला.

हा शेरा तपासून पाहिला पाहिजे. ज्याला सार्वजनिक विहीर आणि शाळा बंद, त्याच्या बाबतीत पाणी व अक्षर हे प्रश्न धर्माबाहेरचे कसे मानावेत? फुल्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मांग मुलीने १८५५ साली ‘ज्ञानोदया’तील निबंधात आपल्या लोकांचा धर्म तरी कोणता, असा प्रश्न केला होता. ती ख्रिस्ती झालेली नव्हती. प्रश्न मिशनऱ्यांनी पढवलेला नव्हता. तो गावकुसाबाहेरच्या जगण्यातूनच आला होता.

बाप्तिस्म्याने त्याचे पूर्ण उत्तर मिळाले, असेही नाही. जात चर्चच्या दाराशी थांबली नाही. कायद्याने मात्र ती थांबली असे गृहीत धरले : अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या आदेशाच्या कक्षेत १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध आले, ख्रिस्ती बाहेरच राहिले.

आपल्या अभ्यासक्रमांत ‘स्मृतिचित्रे’ला स्थान आहे आणि ते योग्यच आहे. मात्र तिलाच मराठी ख्रिस्ती अनुभवाची प्रातिनिधिक कथा मानले, तर बेथेलच्या माणसांवरचा तो जुना शेरा आपणही नकळत कायम करतो.