वाळू थांबली पाहिजे, घाण नाही

मैलापाण्याच्या प्लँटवर गेलात तर जाळीच्या लगेच पुढे एक साधी, उथळ टाकी दिसेल. तिला ग्रिट चेंबर म्हणतात. पाहुणे तिच्याकडे फारसं बघत नाहीत, कारण बुडबुडे, फेस, जंतू ही सगळी गंमत पुढच्या टाक्यांत असते. इथे फक्त रेती बसते. रस्त्यावरची माती, बांधकामाची वाळू, राख, अंड्यांची टरफलं. ही रेती पुढे सटकली तर पंपाचा इम्पेलर झिजवते, आणि गाळ कुजवायच्या बंद टाकीत तळाला घट्ट बसून राहते. मग कधीतरी ती टाकी रिकामी करून साफ करायला आत माणूस उतरवायची वेळ येते. आत काय वायू असतात ते तुम्हाला माहीत आहेच.

तुम्ही म्हणाल, रेती बसवण्यात काय एवढं? पाणी थांबवा, बसेल. बसेल, पण विष्ठेचे आणि अन्नाचे कणही सोबत बसतील. अशी रेती उपसली की वास सुटतो, माशा येतात, आणि ती टाकायची कुठे हा वेगळाच प्रश्न. म्हणून वाळू तळाला राहील आणि घाण वाहून पुढे जाईल अशा वेगाने पाणी न्यायचं. सेकंदाला साधारण एक फूट, हा ठोकताळा जुन्या अभियंत्यांनी अनुभवातून बसवला होता. पण एकच फूट का?

याचं उत्तर नदीवरच्या संशोधनातून आलं. १९३०च्या दशकात आल्बर्ट शील्ड्स हा अमेरिकन तरुण डॉक्टरेटसाठी बर्लिनला होता. वाहत्या पाण्याने तळावरचा कण नेमका केव्हा हलू लागतो, हा त्याचा प्रश्न. त्याने नुसती वाळू घेतली नाही. अंबर, लिग्नाइट कोळसा, ग्रॅनाइट आणि बराइट यांचे कण वापरले. अंबर पाण्यापेक्षा जेमतेम जड, तर बराइट चौपटीहून जास्त. कणाच्या आकाराचा आणि जडपणाचा परिणाम वेगवेगळा कळला तो यामुळे. १९३६ साली जर्मनमध्ये प्रबंध झाला. अमेरिकेत परतल्यावर या विषयात त्याला नोकरी मिळाली नाही, आणि पुढे तो पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या यंत्रांच्या डिझाइनमध्ये गेला. (पीएचडी करणाऱ्यांनी हे वाक्य रात्री वाचू नये.)

प्रबंध मात्र टिकला. १९४२ मध्ये थॉमस कॅम्प यांनी ग्रिट चेंबरच्या डिझाइनवर लेख लिहिला आणि शील्ड्सचं नदीतलं गणित या टाकीत आणलं. गणिताचा गाभा सोपा आहे. कण उचलायला लागणारा वेग त्याच्या 'पाण्यापेक्षा किती जास्त जड' या आकड्याच्या वर्गमुळासोबत वाढतो. वाळू पाण्याच्या २.६५ पट जड, म्हणजे हा आकडा १.६५. घाणीचा कण १.२ पट धरला तर ०.२. वर्गमुळं काढून भागा: तेवढ्याच आकाराचा घाणीचा कण वाळूच्या साधारण एक तृतीयांश वेगातच उचलला जातो. म्हणजे ठोकताळा चालत होता तो या मधल्या मोकळ्या जागेच्या जोरावर. आपल्याकडच्या सीपीएचईईओ मॅन्युअलमध्येही ग्रिट चेंबरसाठी सुधारित शील्ड्स सूत्र दिलेलं आहे.

आता माझी तक्रार. शील्ड्सने आलेखात एक पट्टा काढला होता; नंतरच्या लोकांनी त्याची बारीक रेघ केली. डिझाइन करणारा ती रेघ घेतो, २.६५ घालतो आणि उत्तर काढतो. पण २.६५ ही स्वच्छ, कोरडी वाळू झाली. गटारातून आलेल्या कणावर तेलातुपाचा, साबणाचा थर असतो. तो हलका पडतो, हळू बसतो, आणि कागदावर अडकलेली रेती प्रत्यक्षात पुढे निघून जाते. वर पहिल्या पावसात रस्ते धुऊन निघाले की एका दिवसात किती येईल याचा नेम नसतो.

प्रयोगशाळेत नमुना आला की आधी तो भट्टीत जाळून, धुऊन स्वच्छ करायची पद्धत आहे. त्यात नेमका हा थरच जातो. म्हणून सध्या मी प्रत्येक नमुन्याचे दोन भाग करते: एक धुते, दुसरा तसाच ठेवते, आणि दोन्ही काचेच्या उंच नळीत सोडून स्टॉपवॉच घेऊन बसते. वासाबद्दल लॅबमधल्या बाकीच्यांचं मत वेगळं आहे.