परसातले खुराडे

यरुशलेम नगरीसाठी शोक करताना प्रभू येशूला उपमा सुचली ती पिलांना पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीची. संत मत्तय आणि संत लूक या दोघांनीही ती नोंदविली आहे. गंमत अशी की, यहुदी शास्त्र्यांच्या मिश्ना या संग्रहात पवित्र वस्तूंचे पावित्र्य राखण्यासाठी यरुशलेमेत कोंबड्या पाळण्यास मनाई सांगितली आहे. मग संत पेत्राने ऐकलेला कोंबडा कोठला, यावर विद्वानांनी पुष्कळ खल केला. परंतु यरुशलेमेतील एका कोंबड्याने माणसाचा जीव घेतला म्हणून त्याला दगडमार झाल्याची नोंदही त्याच मिश्नेत आहे. म्हणजे कोंबडे होतेच. नियम काहीही असो.

त्याच पहिल्या शतकात कोलुमेल्ला नावाच्या रोमन लेखकाने शेतीवर बारा खंड लिहिले. त्यांपैकी आठव्या खंडात खुराडे कसे बांधावे हे तपशिलाने सांगितले आहे. त्याचे तोंड हिवाळ्यातील सूर्योदयाकडे असावे. शेजारी स्वयंपाकघर किंवा भट्टी असावी, कारण धूर पक्ष्यांना हितकारक असतो. मांजर वा साप शिरू नये म्हणून भिंतींना आतूनबाहेरून गिलावा करावा. कोंबड्या रात्री ज्या दांड्यांवर बसतात त्या चौकोनी तासाव्यात. गुळगुळीत दांडीवरून पाय निसटतो. अंग घुसळण्यासाठी कोरडी धूळ व राख ठेवावी. एका माणसाने दोनशेहून अधिक पक्षी सांभाळू नयेत, आणि भटकणाऱ्यांवर लक्ष ठेवण्यास एखादी दक्ष म्हातारी किंवा मुलगा नेमावा.

वसईच्या वाड्यांत ज्यांचे बालपण गेले त्यांना ही म्हातारी ओळखीची वाटेल. चुलीमागच्या पडवीतले खुराडे, दिवेलागणीला कोंबड्या मोजून आत घेणारी आजी, चुलीतली राख परसात टाकण्याची रीत. यांतले काहीही तिने लॅटिन ग्रंथातून घेतले नव्हते. रवणीस बसविलेल्या अंड्यांना मेघगर्जनेची बाधा होऊ नये म्हणून घरट्यात लसूण व लोखंडी खिळे ठेवण्याची चाल कोलुमेल्ला नोंदवितो. आपल्याकडेही रवणीच्या टोपलीत लोखंडाचा तुकडा आणि कोळसा ठेवणाऱ्या बायका होत्या.

मध्ययुगीन युरोपात उपवासकाळात मांसाबरोबर अंडीही वर्ज्य होती. कोंबडीला मात्र उपवास ठाऊक नसतो. वसंतात दिवस मोठा होऊ लागला की ती अधिकच अंडी घालते. घरोघर साठलेली ही अंडी पुनरुत्थानाच्या सणाला बाहेर निघत. ईस्टरच्या अंड्यामागे हा साधा हिशेबही आहे.

आपल्या घरांत हा हिशेब बाईच्या हाती असे. अंड्यांचे पैसे तिचे. त्यांतून वह्या, औषध, मिस्सासाठीचे दान असे काहीबाही निघे. म्हणूनच मानमोडी आली की घरात सुतकाची कळा येई. माना वाकड्या होऊन चार दिवसांत सारे खुराडे ओस पडे. १९२०च्या दशकात इंग्लंडमधील न्यूकॅसल आणि आपल्याकडील राणीखेत येथे या रोगाची नोंद झाली, तीच नावे त्याला चिकटली. पुढे मुक्तेश्वरच्या पशुवैद्यक संस्थेत त्यावर लस तयार झाली. कोलुमेल्लाच्या शहाणपणात भर पडली ती एवढीच, पण फार मोलाची.

लशीनेही न टळणारा घाव २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला बसला. बर्ड फ्लू आढळला तो मोठ्या व्यापारी कुक्कुटशाळांत. संसर्ग पसरू नये म्हणून आसपासच्या गावांतील घरगुती कोंबड्याही मारण्यात आल्या. उपाय आवश्यक होता हे मान्य. तरीही दहा कोंबड्यांचे धन असलेल्या आदिवासी बाईला तो कसा समजावून सांगितला असेल, हा विचार मनातून जात नाही.

अलीकडे आपल्या धर्मग्रामांत काही कुटुंबे पुन्हा चार-पाच कोंबड्या पाळू लागली आहेत. रानपक्षी शिरू नयेत म्हणून बारीक जाळी लावतात, नवी कोंबडी आणली तर काही दिवस वेगळी ठेवतात. हे उत्तमच. मी पाहिलेल्या दोन खुराड्यांत दांडी मात्र गुळगुळीत लोखंडी नळीची होती.