पाँपेईच्या भिंतींवरील विनंतिकर्ता

इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकाने पाँपेई हे नगर राखेखाली गाडले गेले, तेव्हा त्याच्या हमरस्त्यांवरील भिंती निवडणुकीच्या मजकुराने भरलेल्या होत्या. १७४८ पासून चालू असलेल्या उत्खननांत असे अडीच हजारांहून अधिक लेख उजेडात आले आहेत. ते दगडात कोरलेले नसून चुन्याने पांढऱ्या केलेल्या पृष्ठभागावर तांबड्या वा काळ्या रंगाने कुंचल्याने लिहिलेले असल्यामुळे त्यांतील पुष्कळसे आज नाहीसे झाले आहेत. लॅटिन लेखांच्या बृहत्संग्रहाच्या चौथ्या खंडात त्सांगेमायस्टर याने १८७१ मध्ये आणि पुढील पुरवण्यांत माउ, देल्ला कोर्ते प्रभृती विद्वानांनी नोंदलेल्या प्रतींवरच आपणांस बहुधा विसंबून राहावे लागते. प्राचीन निवडणुकीची माहिती एरवी कायद्यांवरून, किंवा सिसेरोसारख्या उमेदवारी केलेल्या मोठ्या माणसांच्या लेखनावरून मिळते. मत मागणारा तेथे बोलतो. मत देणारा कोठेच बोलत नाही. पाँपेईच्या भिंतींवर मात्र तो बोलताना दिसतो, निदान तसा भास होतो. हा भास कितपत खरा, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

इ. स. पूर्वी ८० च्या सुमारास सुल्लाने पाँपेईला रोमन वसाहतीचा दर्जा दिला. ऑस्कन भाषेची जागा कारभारात लॅटिनने घेतली आणि नगराची व्यवस्था रोमन धाटणीची झाली. दरवर्षी चार अधिकारी निवडले जात : न्यायदान व सभेचे अध्यक्षपद पाहणारे दोन ‘दुओविर’, आणि त्यांच्या खालोखाल रस्ते, देवळे, बाजार यांची देखरेख करणारे दोन ‘एडील’. दर पाचव्या वर्षीचे दुओविर नगरसभेच्या सदस्यांची यादीही तपासत. निवडणूक मार्चमध्ये होई आणि नवे अधिकारी १ जुलै रोजी अधिकारग्रहण करीत. पदाला वेतन नव्हते. उलट अधिकाऱ्याने स्वतःच्या पदरच्या पैशाने खेळ भरवावेत वा इमारत बांधावी, अशी अपेक्षा असे. मोबदला म्हणून नगरसभेतील स्थान जन्मभरासाठी मिळे. ते स्थान किती दुर्लभ होते याविषयी सिसेरोचा एक विनोद माक्रोबियसने सांगितला आहे. कोणा यजमानाने आपल्या सावत्र मुलाला सभासदत्व मिळवून द्यावे म्हणून गळ घातली असता सिसेरो म्हणाला, रोममध्ये हवे तर मिळेल, पाँपेईत कठीण आहे.

येथे आजच्या अर्थाने राजकीय पक्ष नव्हते. त्यामुळे पक्षाबाहेरचा, स्वतंत्र वृत्तीचा मतदार ही कल्पना जशीच्या तशी लागू करता येत नाही. पण स्वातंत्र्याला मर्यादा घालणारी दुसरी बंधने होती. धनिकाच्या दारी सकाळी हजेरी लावणारा आश्रित, मालकाने मुक्त केलेला पूर्वीचा दास, घरमालकाच्या दुकानात भाड्याने बसलेला कारागीर, ही सर्व माणसे कोणाची ना कोणाची असत. काही भित्तिलेखांत विनंती करणाऱ्याने आपल्या नावापुढे ‘आश्रित’ या अर्थाचा शब्द स्वतःच लिहिलेला आहे. त्यात त्याला कमीपणा वाटलेला दिसत नाही. दुसऱ्या बाजूस मतदानाची पद्धत पाहावी. पाँपेईचा स्वतःचा नगरकायदा हाती आलेला नाही, पण स्पेनमधील मालाका नगराचा फ्लावियन काळातील कायदा १८५१ मध्ये सापडला आहे. त्यानुसार मतदार आपापल्या विभागात उभा राही, फळीवर लिहिलेले मत पेटीत टाकी आणि पेटीवर इतर विभागांतील तीन नागरिक पहारा करीत. पाँपेईतही पद्धत साधारणतः अशीच असावी, असे मानण्यास हरकत नाही. म्हणजे मत गुप्त होते. ज्याला आपले मत गुप्त ठेवण्याची सोय होती तोच मनुष्य ते भररस्त्यात हातभर अक्षरांत का लिहववितो, हा खरा प्रश्न आहे.

आता लेखांची भाषा पाहू. त्यांचा साचा फार आखूड आहे. उमेदवाराचे नाव द्वितीया विभक्तीत, त्यापुढे पदाचे संक्षिप्त नाव आणि शेवटी तीन अक्षरे, ‘ओ. व. फ.’. त्यांचा विस्तार ‘ओरो वोस फाकिआतिस’ असा होतो : ‘आपण यांस (अमुक पदाधिकारी) करावे, अशी मी प्रार्थना करतो’. पहिले क्रियापद प्रथमपुरुषी एकवचनी आहे. लेखात ‘मी’ आहे, पण हा ‘मी’ कोण ते बहुसंख्य लेखांत सांगितलेलेच नाही. रस्त्याने जाणाऱ्याला कोणीतरी हात जोडून विनवीत आहे, आणि त्या कोणाला नाव नाही. याउलट ज्या लेखांत समर्थकाचे नाव येते तेथे क्रियापद बहुधा तृतीयपुरुषी होते : अमुक ‘रोगत्’, म्हणजे विनंती करतो, ‘फाकित्’, म्हणजे निवडतो, ‘कुपित्’, म्हणजे इच्छितो. कित्येक लेखांत ही दोन्ही रूपे शेजारी शेजारी नांदतात : आधी तीन अक्षरांतला अनाम ‘मी’, मग नावानिशी ‘तो’. जेथे ‘मी’ आहे तेथे नाव नाही आणि जेथे नाव आहे तेथे ‘मी’ नाही. व्याकरणाच्या दृष्टीने ही विसंगती आहे, पण वाचणाऱ्यांना ती जाणवत नसावी. तीन अक्षरांचा तो पुंजका त्यांच्या दृष्टीने वाक्य राहिलेलाच नव्हता, तो निवडणुकीच्या लेखाचा शिक्का झाला होता. आपल्याकडे पत्राच्या आरंभीच्या ‘सा. न. वि. वि.’ मधला नमस्कार कोणी उच्चारीत नाही, तसेच हे.

नावानिशी येणारे विनंतिकर्ते दोन प्रकारचे आहेत. एक समूह : सोनार, फळविक्रेते, खेचरे हाकणारे, कपडे धुणारे, इसिस देवीचे उपासक, किंवा नुसतेच ‘शेजारी’. यांच्या नावापुढे वारंवार ‘ऊनिवेर्सी’ हा शब्द येतो. त्याला मराठीत ‘समस्त’ याहून नेमका प्रतिशब्द नाही. ‘समस्त ग्रामस्थ’ असे फलकावर वाचताना गावातील प्रत्येकाची संमती घेतली गेली असेल असे आपण समजत नाही. पाँपेईतील ‘समस्त सोनार’ गाइउस कुस्पिउस पान्सा याच्यासाठी विनंती करतात, त्या ‘समस्त’ चे मूल्यही तेवढेच धरावे. दुसरा प्रकार एकट्या व्यक्तींचा. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा तो हाच.

येथे एका गंभीर आक्षेपाचा विचार केला पाहिजे. पूर्वीच्या पिढीतील संशोधक, विशेषतः देल्ला कोर्ते, हे लेख म्हणजे नागरिकांच्या उत्स्फूर्त उत्साहाचा आविष्कार मानीत आणि लेखाजवळच्या घराचा मालक तोच विनंतिकर्ता, असे सरळ समीकरण मांडीत. १९८८ मध्ये हेन्रिक मौरित्सेन याने या समजुतीला धक्का दिला. लेख दाट आहेत ते वर्दळीच्या रस्त्यांवर, जेथे वाचणारे अधिक तेथे. ते लिहिणारे धंदेवाईक रंगारी होते, त्यांच्याबरोबर भिंत पांढरी करणारा आणि शिडी व दिवा धरणारा असे सोबती असत. एका लेखात तर दिवेवाल्याला ‘शिडी धर’ अशी आज्ञाच लिहून गेली आहे. या सर्वांचा खर्च कोणी करीत होता, आणि तो बहुतांशी उमेदवाराकडूनच होत असावा. मग भिंतीवरचा विनंतिकर्ता हा स्वतः बोलणारा नागरिक, की उमेदवाराने वापरलेले एक नाव? मला या शंकेची धार अनुभवानेही ठाऊक आहे. एका नगरपालिका निवडणुकीत आमच्या घराच्या कुंपणभिंतीवर मला न विचारता एक चिन्ह रंगविले गेले, आणि ओळखीची माणसे पुढे कित्येक दिवस माझे अभिनंदन करीत होती.

मौरित्सेनचे म्हणणे एकंदर लेखांबाबत मान्य करावे लागते. तथापि त्यावरून एकूण एक समर्थक कळसूत्री होते असा निष्कर्ष काढणे मला बरोबर वाटत नाही. साचा वापरला म्हणजे मनोभाव खोटा, असे होत नाही. लग्नपत्रिकेत ‘अगत्य येण्याचे करावे’ लिहिणाऱ्याला पाहुणे यावेत असे खरोखरच वाटत असते. साच्यावरून स्वेच्छा सिद्ध होत नाही तशी ती असिद्धही होत नाही. शोध घ्यावयाचा तर साचा मोडलेला कोठे आढळतो, तेथे घेतला पाहिजे.

असे लेख थोडे आहेत, पण आहेत. तायदिया सेकुंदा नावाची स्त्री लुकिउस पोपिदिउस सेकुंदुस याच्यासाठी विनंती करते, आणि ‘रोगत्’ एवढ्यावर न थांबता आपण त्याची आजी असून मोठ्या इच्छेने हे करवून घेतले, असे लिहविते. स्तातिया आणि पेत्रोनिया या दोघी दोन एडीलपदेच्छूंना पाठिंबा देताना अशा पद्धतीचे नागरिक वसाहतीत सदैव असोत, अशी पुस्ती जोडतात. या तिघींपैकी एकीलाही मताचा अधिकार नव्हता. रोमन स्त्रीला कोणत्याच निवडणुकीत मत नव्हते. तरीही समर्थक म्हणून स्त्रियांची अनेक नावे भिंतींवर आहेत. मत नसलेल्या व्यक्तीच्या शब्दाचा रस्त्यातील पुरुषांवर परिणाम होत असे, याखेरीज याचा अर्थ लागत नाही. आजीची इच्छा स्वतंत्र मतदाराची नव्हे हे खरे. ती नातवासाठी बोलते. पण ती कोणी तिच्या तोंडी घातलेली नाही, हे ‘आजी’ या एका शब्दाने कळते.

उमेदवाराच्या गुणांविषयीही क्वचित स्वतःचे वाक्य सापडते. एरवी ‘सज्जन’, ‘नगराच्या सेवेस योग्य’ ही विशेषणे संक्षिप्त अक्षरांनी भागविली जातात. पण गाइउस यूलिउस पोलीबिउस ‘चांगली भाकरी देतो’, ब्रुत्तिउस बाल्बुस ‘खजिना सांभाळील’, ही विधाने साच्यातील नव्हेत. ती उमेदवाराने लिहविली की चाहत्याने, हे कळण्यास मार्ग नाही. मतदाराला काय पटेल याची जाण मात्र त्यांत दिसते.

साच्याची खरी ताकद त्याच्या विडंबनात दिसते. मार्कुस केर्रिनिउस वातिया याला एडील करावे, अशी विनंती एका ठिकाणी ‘रात्री उशिरापर्यंत पिणारे समस्त’ करतात, दुसऱ्या ठिकाणी ‘समस्त झोपाळू’ आणि तिसऱ्या ठिकाणी ‘भुरटे चोर’. ही विरोधकांची निंदा की वातियाच्या मित्रमंडळाची स्वतःचीच थट्टा, यावर विद्वानांचे एकमत नाही. माझा कल निंदेकडे आहे. पण दोन्ही पक्षी एक गोष्ट निश्चित होते : विनंती कोण करतो याकडे वाचणाऱ्यांचे लक्ष असे. समर्थकाचे नाव निरर्थक असते तर ते बिघडवून उमेदवाराचे नुकसान करण्याचा खटाटोप कोणी केला नसता. हाच निष्कर्ष उलट दिशेने आस्सेलिना हिच्या पेयगृहाजवळील लेखांवरून निघतो. तेथे झ्मीरिना, आयग्ले, मारिया अशी नावे समर्थक म्हणून येतात, आणि नावांवरून त्या पेयगृहातील नोकर स्त्रिया असाव्यात असा तर्क केला जातो. पोलीबिउसच्या पाठिंब्याच्या लेखातील झ्मीरिनाच्या नावावर पुढे चुना फासलेला आढळला. उमेदवाराचे नाव मात्र तसेच ठेवले होते. चुना कोणी लावला ते माहीत नाही. पाठिंबा हवा, पण या बाईचा नको, असे कोणाला तरी वाटले, एवढे खरे. हे लेख उमेदवाराच्याच हुकुमावरून लिहिले गेले असते तर असे नाव मुळात भिंतीवर चढलेच नसते.

अधिकाराचे वजन वरूनही येई. व्हेस्पासियन बादशहाने नगराच्या सार्वजनिक जमिनीचा तंटा मिटविण्यासाठी पाठविलेला अधिकारी तितुस सुएदिउस क्लेमेन्स याच्या मताचा हवाला देऊन मार्कुस एपिदिउस साबिनुस याला दुओविर करावे, असे सांगणारे लेख आहेत. त्यांच्यापुढे सोनार आणि आजी यांची विनंती फिकीच पडावयाची.

आणखी एका लेखाकडे व्याकरणाच्या अभ्यासकांनी अवश्य पाहावे. त्यात जमावाला उद्देशून संकेतार्थी ‘करावे’ नाही. प्रोकुलुस नावाच्या एकट्या माणसाला संबोधनात हाक मारून आज्ञार्थी एकवचनात सांगितले आहे की साबिनुसला एडील कर, म्हणजे तोही तुला करील. ‘आपण’ गेले, ‘तू’ आला. साऱ्या नगराची विनवणी अंगणातल्या देवाणघेवाणीपर्यंत खाली आली. प्रोकुलुसने हे वाचून मनात काय म्हटले असेल, हे जाणण्याची मला फार उत्सुकता आहे. कारण ज्याला असे जाहीरपणे डिवचावे लागते त्याचे मत गृहीत धरता येत नव्हते, हे उघड आहे. या सर्व लेखसंभारात स्वतंत्र मतदाराची ओळख पटते ती कदाचित येथेच, आणि तीही तो स्वतः एक शब्द न बोलता.

शेवटी रंगाऱ्यांपैकी एकाविषयी. एमिलिउस केलेर हा धंद्याने भिंती रंगविणारा होता. ग्लादियातोरांच्या खेळांच्या एका जाहिरातीखाली आपण हे चंद्रप्रकाशात एकट्याने लिहिले, असे तो नोंदवितो. दुसऱ्या एका भिंतीवर तो याच ठिकाणी राहतो, असा मजकूर आहे. लुकिउस स्तातिउस रेसेप्तुस याला दुओविर करावे, ही शेजाऱ्यांची विनंती त्यानेच रंगविली. पण या वेळी सही करताना नावापुढे त्याने ‘शेजारी’ असे जोडले. मजुरीने दुसऱ्यांचे शब्द लिहिणारा मनुष्य येथे स्वतःही विनंती करणाऱ्यांत येऊन उभा राहिला. आणि खाली त्याने एक ओळ अशी टाकली की जी कोणत्याही उमेदवाराने पैसे देऊन लिहविली नसती : मत्सरापोटी हे पुसणाऱ्या, तू आजारी पडशील.